गार होईपर्यंत

गयाबाईच्या घरात शिळं अन्न नव्हतं. नव्हतं म्हणजे शोधूनही सापडलं नसतं. फ्रिज होता, लेकीने हौसेने घेतलेला, पण त्यात पाण्याच्या बाटल्या, कोथिंबिरीची जुडी आणि दुधाची पिशवी एवढाच संसार. रात्रीची आमटी सकाळी ऊन करून घ्यायची, कालच्या चपातीचा कुस्करा करायचा, असले उद्योग अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या त्या गल्लीत घरोघर चालत. गयाबाईच्या उंबऱ्याच्या आत मात्र चालत नसत. शेजारची सखू तिला चिडवायची, "तू काय राजाच्या घरची लागून गेलीस गं?" गयाबाई म्हणायची, "राजाच्या नाही, माझ्या आजीच्या घरची."

ही आजी मुरबाडकडच्या एका गावात संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर फिरायची. लोक उरलेले भाकरीचे तुकडे वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. कधी कालचे, कधी परवाचे, कधी हिरवी बुरशी धरलेले. छप्पन साली आजोबा दीक्षा घेऊन आले, त्या संध्याकाळी आजीने ती टोपली चुलीत घातली आणि सांगितलं, आता उपाशी निजू, पण शिळं तोंडात घालणार नाही. गयाबाईची आई तेव्हा दहा वर्षांची होती. टोपली जळताना तिने डोळ्यांनी पाहिली होती. पुढे तिने तो नियम जन्मभर पाळला आणि लेकीच्या पदरात बांधला. भाकऱ्या बेताच्या करायच्या. एखादी कमी पडली तर पडू दे, उरता कामा नये.

म्हणूनच गेले आठ महिने जे चाललं होतं त्याची गयाबाईला लाज वाटत होती. रोज संध्याकाळी तिच्या घरी एक भाकरी उरत होती.

नवरा, शंकर, सहा वर्षांपूर्वी गेला. एकुलत्या एक स्वप्नालीचं लग्न डिसेंबरात झालं आणि ती उल्हासनगरला सासरी गेली. घरात आता माणूस एकच, हे डोक्याला कळलं होतं. हाताला काही केल्या कळत नव्हतं. आपली भाकरी झाली की हात आपोआप दुसरा गोळा घ्यायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा. भाकरी टम्म फुगली की मग गयाबाईच्या ध्यानात यायचं, आणि ती परात पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायची. ती भाकरी गल्लीतल्या लाल्या कुत्र्याला जायची. आठ महिन्यांत लाल्या चांगला गरगरीत झाला होता आणि संध्याकाळी सातला दारात हजेरी लावायला लागला होता.

जावई सिंधी. जितेश त्याचं नाव, कॅम्प पाचला जीन्सची बटणं आणि चेन विकायचं दुकान. दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्वप्नाली कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तिथेच जमलं. लग्न एका दिवसात दोनदा लागलं. सकाळी अंबरनाथच्या विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन, संध्याकाळी उल्हासनगरला त्यांच्या रिवाजाने. भांडण नाही, तंटा नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. खरं सांगायचं तर थोडं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही घरं एकमेकांशी इतकी गोड वागत होती की जवळ यायला वाटच नव्हती. विहीण मोहिनी बुद्धपौर्णिमेला बुवापाड्यात आली, खुर्चीच्या कडेवर बसली, खीर दोन चमचे खाल्ली, "बहोत अच्छी है, गयाजी" म्हणाली आणि गेली. चेटीचंडला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, गयाबाई तिकडे गेली, मांडीवर पर्स धरून तासभर बसली, सगळ्याला "छान, छान" म्हणाली आणि आली. घरी पोचल्यावर दोघींनीही हुश्श केलं असणार. गयाबाईने तरी केलं होतं.

स्वप्नाली येत नव्हती असं नाही. महिन्यातून एकदा गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची, कारण आत शिरत नसे. चहा व्हायचा, जितेश हसून दोन शब्द बोलायचा, आणि दोन तास झाले की स्वप्नाली घड्याळ बघायची. "निघते गं आई. मम्मी वाट बघत असतील." मम्मी म्हणजे मोहिनी. तो शब्द ऐकला की गयाबाई कपबशा गोळा करायला लागायची. वाट बघणाऱ्या बायकांत आपला नंबर दुसरा लागला, असं तिला वाटायचं.

आता स्वप्नालीला सहावा महिना होता. गयाबाईला एकच गोष्ट हवी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं. लेक दोन-तीन महिने घरी राहावी, तिच्या पाठीला तेल चोळावं, शेक द्यावा, रात्री एकाच खोलीत दोघींचा नाही तर तिघांचा श्वास ऐकू यावा. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून तिने पेटीत ठेवली होती. खाटेचं एक पाऊल हलत होतं ते सुताराकडून बसवून घेतलं होतं. सगळी तयारी झाली होती, फक्त विहिणीला विचारायचं राहिलं होतं, आणि तेवढंच तिच्याने होत नव्हतं. एका खोलीचं घर, पहाटे पाचला येणारं पाणी, गल्लीत गाडी शिरत नाही. मोहिनी गोड हसून "देखते हैं, गयाजी" म्हणाली असती, आणि त्या हसण्यावर उत्तर काय द्यायचं?

गयाबाई कामाला जायची त्या पॅकिंगच्या कंपनीला पंधरा ऑगस्टची सुट्टी होती. सकाळी झेंडावंदन झालं, नाक्यावरच्या कर्ण्यावर गाणी लागली. गयाबाईने नऊच्या सुमाराला लेकीला फोन लावला.

"काय खाल्लंस?"

"खाल्लं ना. कालचं होतं."

गयाबाई उभी होती ती बसली. "कालचं म्हणजे?"

"अगं, कालच करून ठेवलंय सगळं. आज गॅस पेटवायचा नाही दिवसभर. मम्मींचं असतं ना ते. थांब, जितेशला हाक मारते, तो निघालाय जिज्ञासाकडे डबा घेऊन. ठेवते मी, नंतर करते फोन."

आणि फोन बंद.

जिज्ञासा म्हणजे जितेशची बहीण, कॅम्प तीनला दिलेली. गयाबाईने फोन मांडीवर ठेवला आणि हिशेब जुळवला, तो असा जुळला: विहिणीची लेक आपल्या घरी बसून माहेरचा डबा खाते, आणि माझी पोटुशी लेक कालचं शिळं खाते. वर गॅस पेटवायची बंदी. तिने परत फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

दारात तांदूळ निवडत बसलेली सखू सगळं ऐकत होती. "मी बोलले होते," ती म्हणाली. वास्तविक ती काहीच बोलली नव्हती. "मोठी घरं म्हणजे बाहेरून टाइल्स, आतून काय ते आपल्याला काय ठाऊक?"

"मी जाते," गयाबाई म्हणाली. "आणि तिला घेऊनच येते. आता विचारायचं-बिचारायचं काही नाही."

पण लेकीच्या दारात रिकाम्या हाताने जाणं तिला रागातही जमणारं नव्हतं. तिने पदर खोचला. बारवीकडून डोक्यावर टोपली घेऊन येणारी सरू तिला कालच करटोली देऊन गेली होती. स्वप्नालीला करटोली म्हणजे जीव की प्राण. ती चिरून कांद्यावर परतली. वालाचं बिरडं केलं. फळीवरची सुकटीची बरणी हातात घेतली आणि परत ठेवून दिली, कारण श्रावणात विहिणीच्या घरी मासळी न्यायची नाही, एवढी अक्कल रागातही शाबूत होती. मग तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. सहा भाकऱ्या केल्या, एकेक थापताना विहिणीला सुनवायचं एकेक वाक्य तयार केलं, आणि सगळं चारपुडी डब्यात गरम गरम भरून, वर टॉवेल गुंडाळून ती रस्त्यावर आली.

शेअर रिक्षात तिच्या शेजारी हातात कागदी झेंडा घेतलेली एक शाळकरी मुलगी बसली होती. डब्याची धग मांडीला लागत होती. गयाबाईने सगळी वाक्यं मनात घोळवली आणि शेवटी एक निवडलं: 'माझी लेक तुमच्या घरी शिळं खायला दिलेली नाही.' बस, एवढंच म्हणायचं, आणि लेकीला म्हणायचं, बॅग भर.

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. घंटी वाजवली. दार मोहिनीनेच उघडलं. साठीची, गोरी, ठेंगणी बाई, डोक्यावर ओढणी घेतलेली. तिची नजर आधी गयाबाईच्या तोंडाकडे गेली, मग हातातल्या डब्याकडे, आणि तिथेच थांबली.

"स्वप्नाली!" मग ती आत वळून ओरडली. "बेटा, इधर आ! तेरे माइके से आ गया! डबा आला!"

आत पाटावर बसलेली एक शेजारीण टाळी वाजवून म्हणाली, "मैं बोली थी ना, आएगा!"

स्वप्नाली एका हाताने पोट सावरत धावत बाहेर आली. आईला बघितलं, डबा बघितला आणि रडायलाच लागली. "आई! तुला कुणी सांगितलं गं? थदडीला माहेरून डबा येतो म्हणून? मी तुला सांगणारच नव्हते. म्हटलं तुझी ड्युटी, तुझी धावपळ, आणि आपल्यात नसतं ना ते. काल सगळ्या बायका एकमेकींना विचारत होत्या, तुझा कधी येणार, तुझा कधी येणार. मी आपली गप्प बसले होते."

गयाबाईने रिक्षात निवडलेलं वाक्य तयार होतं. ती नुसती म्हणाली, "चपला कुठे काढू?"

ती आत गेली तेव्हा तिला स्वयंपाकघर दिसलं. गॅसची शेगडी घासूनपुसून चकचकीत केलेली होती, तिच्यावर पाण्याचे थेंब होते, मधोमध एक फूल आणि कुंकवाचं बोट. बाजूच्या टेबलावर झाकलेली भांडी ओळीने मांडली होती. भरलेली कारली, दहीवडे, आणि गुळाच्या, तुपात भाजलेल्या जाडजूड गोड पोळ्या, ज्यांना ही मंडळी लोला म्हणत. वेलचीचा वास सुटला होता. उरलंसुरलं कुणी असं मांडत नाही, एवढं कळायला गयाबाईला कुणी सांगावं लागलं नाही. आदला दिवसभर चुलीपुढे उभं राहून केलेला हा स्वयंपाक होता.

शेजारीण पूजा आटोपून गेली. स्वप्नालीने आईला शेजारी बसवून समजावलं की आज थदडी, आज चूल विझलेली ठेवायची, देवीला गारवा मिळावा आणि मुलाबाळांच्या अंगावर गोवर-कांजण्या उठू नयेत म्हणून सगळ्यांनी गार खायचं. मोहिनी तांब्यात पाणी घेऊन आली. तिने स्वप्नालीच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, मग पोटावर शिंपडलं, काहीतरी पुटपुटली. मग गयाबाईकडे वळली आणि तिचा हात हवेतच थांबला. ही बाई आपले देव मानत नाही, हे तिला माहीत होतं. शिंपडावं की नाही, ते माहीत नव्हतं.

"टाका," गयाबाई म्हणाली. "देवाचं तुमच्याकडे ठेवा. पण पाण्याशी आमचं भांडण नाही. पाणी आमच्या माणसांनी लढून मिळवलंय."

मोहिनीला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तिने पाणी शिंपडलं, चांगलं सढळ हाताने. गयाबाईच्या मानेवरून एक थेंब पाठीत उतरला आणि ती शहारली.

मग मोहिनीने डबा उघडला. वाफेचा लोट आला आणि तिने हात मागे घेतला.

"गरम आहे," ती हळूच म्हणाली.

तिघी डब्याकडे बघत राहिल्या. आज या घरात गरम काही तोंडात जायचं नव्हतं. स्वप्नालीचा चेहरा पडला. मोहिनीने क्षणभर विचार केला आणि डब्याचे चारही पुडे सुटे करून टेबलावर मांडले. भाकऱ्या फडक्यातून काढून ताटात पसरल्या. पंखा मोठा केला.

"कोई बात नहीं. चूल तर आपल्या घरात नाही ना पेटली. ठंडा होने दो. गार झालं की खाऊ. बसा, गयाजी."

म्हणून त्या बसल्या. अन्न गार व्हायची वाट बघत गयाबाई आयुष्यात कधी बसली नव्हती. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की पाच मिनिटांत खावी. गार झाली की तिचा मऊपणा जातो, कडा ताठ होतात. त्या ताठ होताना ती बघत होती. समोर विहीण कृतज्ञ नजरेने त्याच भाकऱ्यांकडे बघत होती. दोन-तीनदा तिने ओढणीने डोळे टिपले. आणि गयाबाईला ते सहन होईना. गप्प बसली असती तर सगळं सुरळीत होतं. विहीण खुशीत, लेक खुशीत, आणि बाळंतपणाचं विचारायला यापरता चांगला दिवस मिळाला नसता. पण या बाईचे आभार घेऊन आपण घरी जायचं आणि पोटात मात्र ते वाक्य ठेवायचं, हे तिच्याच्याने होणारं नव्हतं.

"मोहिनीताई," ती म्हणाली, "मी हा डबा तुमच्या सणाचा म्हणून नाही आणला. मला काही माहीतच नव्हतं. मी भांडायला आले होते."

"आई!" स्वप्नाली म्हणाली.

"बोलू दे मला. सकाळी ही म्हणाली, कालचं खाल्लं. मला वाटलं, माझ्या लेकीला तुम्ही शिळं घालता. आमच्यात शिळं म्हणजे..." ती थांबली. मग तिने आजीची टोपली सांगितली. वरून टाकलेले तुकडे सांगितले, बुरशी सांगितली, टोपली चुलीत गेली ते सांगितलं. हे सगळं सांगायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "म्हणून आले होते. हिला घेऊन जायला. तुम्हाला चार शब्द सुनावणार होते. माझं चुकलं."

मोहिनी उठली आणि आत निघून गेली.

गयाबाईने मान खाली घातली. गेलं सगळं, तिला वाटलं. पेटीतली दुपटी, बसवलेली खाट, सगळं. आता ही लेकीला दोन तासांसाठीसुद्धा पाठवायची नाही. स्वप्नालीने आईचा हात घट्ट धरला, पण रागाने धरला की मायेने, ते तिला कळेना.

मोहिनी परत आली ती हातात ताटली घेऊन. ताटलीत एक लोला होता. ती खुर्चीवर बसली नाही. फरशीवर सोफ्याला पाठ टेकून बसलेल्या गयाबाईच्या शेजारी, खालीच बसली आणि ताटली दोघींच्या मध्ये ठेवली.

"माझी अम्मा थदडीला डबा पाठवायची," ती म्हणाली. मराठी-हिंदीची तिची खिचडी नेहमीचीच होती, पण आज ती सावकाश बोलत होती. "मोठा पितळेचा डबा. भाई घेऊन यायचा, सायकल पे. अम्मा गेली, अकरा साल झाले. भाई-भाभी इंदोरला गेले. कौन भेजेगा? मी जिज्ञासाला भेजती हूँ, हर साल. सुबह जितेश डबा घेऊन जातो आणि मी इकडे बसते. दरवाजा बघते. पागल है ना? साठ वर्षांची बाई, माहीत आहे की कोणी येणार नाही, तरी बघते." तिने नाक ओढलं. "आज घंटी वाजली. दार उघडलं तर डबा. एक सेकंड मला वाटलं, माझाच आला."

गयाबाईने तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. रोज संध्याकाळी आपण भाकरी समोर घेऊन बसतो तेव्हा आपलं तोंड असंच दिसत असणार, असं तिला वाटलं, आणि तिला या परक्या बाईची इतकी माया आली की तिचेच डोळे भरले.

"तो तुमचाही आहे," ती म्हणाली. "सहा भाकऱ्या आहेत."

मोहिनी हसली. मग ताटलीकडे बोट करून म्हणाली, "हे कालचं आहे. मी तुम्हाला खाओ नहीं बोलूंगी. आत्ता तुम्ही जे सांगितलं, त्याच्यानंतर कैसे बोलूं? पण मी हे काल बाळासाठी केलं. फक्त दाखवायला आणलं."

तिने लोला मधोमध मोडला. अर्धा स्वतःच्या हातात घेतला, अर्धा ताटलीतच राहू दिला. वरून काही पडलं नव्हतं. दोघी एकाच फरशीवर, मध्ये एकच ताटली. गयाबाईने आजीची मनातल्या मनात परवानगी मागितली आणि तो अर्धा उचलला. लोला खुसखुशीत होता, तुपाने जड, गोडाला थोडा जास्तच. तिने तो सगळा खाल्ला. स्वप्नाली तोंडावर हात ठेवून बघत होती. आईला कालचं काही खाताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"अगले साल भी लड़ने आना, अदी," मोहिनी म्हणाली.

अदी म्हणजे बहीण, हे स्वप्नालीने नंतर सांगितलं. त्या क्षणी गयाबाईला एवढंच कळलं की 'गयाजी' संपलं. तिला धीर आला.

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. मला आज एक विचारायचंय. हिचं बाळंतपण माझ्याकडे करू द्या. घर लहान आहे. पाणी पहाटे येतं. गाडी आत येत नाही. पण मी तिला..."

"तो मग बोलली का नाही?" मोहिनी जवळजवळ ओरडलीच. "आमच्यात पण पहिलं माइक्यातच असतं! लड़की की माँ विचारते, मग आम्ही हो म्हणतो. मी तीन महिने थांबली आहे. तुम्ही विचारलंच नाही. मला वाटलं, कंपनीची ड्युटी, अकेली औरत, नहीं होता होगा. आपण कशाला लाजवायचं? म्हणून इथल्या डॉक्टरकडे नाव टाकलं."

"आणि मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल."

"दोघी पण ना," स्वप्नाली म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. या दिवसांत तिला रडायला निमित्त लागत नसे.

तेवढ्यात जितेश जिज्ञासाकडून परतला आणि सासूला फरशीवर बसलेली पाहून दारातच थबकला. भाकऱ्या आता पार गार झाल्या होत्या. सगळे जेवायला बसले. मोहिनीने भाकरीचा तुकडा तोडायला घेतला तो तुटेना. दोन्ही हातांनी ओढावा लागला. "अदी, ही तर चप्पल आहे," ती म्हणाली, आणि गयाबाई पोट धरून हसली. "गरम खाऊन बघा एकदा, मग बोला." स्वप्नालीने बिरड्यात भिजवून भिजवून दोन भाकऱ्या खाल्ल्या, करटोलीचा पुडा बोटाने निपटून घेतला. सहाच्या सहा भाकऱ्या संपल्या.

निघताना गयाबाईला राहवलं नाही. "चल ना आजच्या दिवस," ती लेकीला म्हणाली. "रात्री गरम भाकरी घालते. सकाळी जितेश घेऊन जाईल."

स्वप्नालीने मोहिनीकडे पाहिलं. मोहिनी म्हणाली, "जा बेटा, मैं कुछ नहीं बोलूंगी." आणि त्या क्षणी गयाबाईचा जीव नुसता गोळा होऊन लेकीच्या तोंडाकडे लागला. स्वप्नालीने पोटावर हात ठेवला.

"नको गं आई. उद्या सकाळी चूल पेटेपर्यंत गारच खायचं ठरवलंय मी. मम्मींनी सांगितलं म्हणून नाही, माझं मीच ठरवलंय. बाळासाठी." मग आईच्या गालाला हात लावून ती म्हणाली, "दिवाळी झाली की येतेच. बॅग भरून येते. किती दिवस ते मोजू नकोस."

गयाबाई रिक्षात बसल्या बसल्या मोजायलाच लागली. पंधरा ऑगस्ट ते दिवाळी म्हणजे नऊ आठवड्यांच्या वर. आठ महिने काढले तर नऊ आठवडे काय, असं तिने स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावताच तिला हुंदका आला, कारण आठ महिने आशा नव्हती आणि आता होती. आशा नसताना वाट बघणं सोपं होतं. मांडीवर डबा होता. विहिणीने तो रिकामा पाठवला नव्हता. खालच्या पुड्यात दोन लोले आणि भरलेली कारली होती.

घरी आली तेव्हा गल्लीत दिवे लागले होते. तिने हातपाय धुतले, बुद्धाच्या आणि नवऱ्याच्या फोटोपुढे उभी राहिली, आणि सवयीने पिठाच्या डब्याकडे वळली. झाकण उघडलं. मग लेक आत्ता काय खात असेल ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती गार कारली, गार दहीवडा, आणि विझलेली शेगडी, वरचं फूल आता सुकलेलं. गयाबाईने पिठाचा डबा बंद केला. ओल्या फडक्याने आपली शेगडी पुसली, बाटलीतलं थोडं पाणी हातावर घेतलं आणि तिच्यावर शिंपडलं. कुंकू लावलं नाही, हात जोडले नाहीत. मग विहिणीचा डबा उघडून ती खाली बसली.

सात वाजले तसा लाल्या दारात येऊन बसला. त्याच्यामागून सखू डोकावली. "काय गं, लेकीला घेऊन येणार होतीस ना? आणि अजून चूल का पेटली नाही? बरं नाही का?"

"बरी आहे मी. ती दिवाळीनंतर येणार आहे," गयाबाई म्हणाली. "आज आमच्याकडे थदडी आहे."

सखूला काही कळलं नाही. तिने कुत्र्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्याचं काय? हा केव्हाचा वाट बघतोय."

गयाबाईने रिकाम्या तव्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच या वेळी तो गार होता.

"त्याला म्हणावं, आज भाकरी उरली नाही," ती म्हणाली, आणि लोल्याचा तुकडा मोडला.